शनिवारचे तांदूळ

शनिवारी दुपारी, चढावरून खाली,
मी आणि थानसेई, दोघींत एक गोणी,
घरोघर डबे रिते करत जातो.

आमच्या डोंगरात आधण आलं की
तांदूळ वैरण्याआधी एक मूठ बाजूला काढतात, चर्चसाठी.
सकाळी एक, संध्याकाळी एक.
चौदा मुठींचा आठवडा.
शिजवायचे तर असतातच, सासू म्हणायची,
त्यातली एक मूठ पोट मोजत नाही.

एकोणीस वर्षं झाली. आता मला
डबा नुसता हलवला तरी
घरात काय चाललंय ते कळतं.

रुआलखुमाची बायको ऐझॉलला गेली ती परतलीच नाही,
हे गावाला नाताळात कळलं.
मला ऑक्टोबरातच.
डबा अचानक काठोकाठ,
पुरुषाची मूठ, बेहिशेबी, तुसासकट.
फेब्रुवारीत तो निम्म्यावर उतरला.
हात आखडला वाटतं, थानसेई म्हणाली.
नाही गं, म्हटलं, पोरीने चूल हातात घेतली.
नऊ वर्षांची मूठ ती, केवढी असणार!

वरच्या आळीत दोन भावांनी घर वाटून घेतलं.
उंबरा एकच राहिला, त्यावर दोन डबे.
दोघी जावा दाराआडून, वेगवेगळ्या वेळी,
एकच विचारतात:
तिचे किती भरले?

मी सांगत नाही.
वहीत नाव आणि वजन, बाकी काही नाही.

एकदाच वहीत खोटं लिहिलं.
बांबू फुलला ते माझं पहिलंच वर्ष.
उंदरांनी शेतं उभीच्या उभी खाल्ली,
लोक जंगलात कंद खणत होते,
डब्यांतून कधी मूठ, कधी चिमूट,
कधी उकडलेल्या कंदाच्या दोन चकत्या, केळीच्या पानात.
पी दारछिंगीच्या दारात डबा होता.
घासलेला, झाकण घट्ट लावलेलं.
आत काही नव्हतं.
म्हातारी चुलीपाशी पाठ करून बसली होती
आणि तिची पाठ ऐकत होती.
मी डबा गोणीवर उपडा केला.
तळाला दोनदा थापटलं,
तांदूळ चिकटले असले की थापटतात तसं.
मग वहीत लिहिलं, दारछिंगी, अर्धा किलो.
खजिनदार पू चालछुंगा त्या संध्याकाळी
तीनतीनदा तराजू लावत राहिले,
माझ्याकडे पाहिलं,
आणि बेरीज तशीच ठेवली.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
त्या वर्षी आम्ही तिघांनी ती झाकून धरली.

ती गेली दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या शेवटी.
तरुणांनी कुणी न सांगता कबर खणली,
तीन रात्री तिच्या घरात गाणी चालली,
ढोल हळू, चहा काळा,
आणि पहाटे कोणाचा तरी सूर कायम वर चढलेला.
तिच्या डब्यात आता वीज गेल्यावरच्या मेणबत्त्या असतात,
वेदीमागच्या कपाटात.

रविवारी घोषणा होते:
या आठवड्यात एक्केचाळीस किलो तांदूळ, देवाची स्तुती असो.
सगळे आमेन म्हणतात. रुआलखुमाची पोरही,
बाकाच्या टोकाला, बापाच्या कोटात.

नव्या पाळकांची बायको दुसऱ्या खोऱ्यातली आहे.
गोणीतले चार किलो तिच्याकडे जातात
आणि ती दर सोमवारी वैतागते:
पाणी कुणाच्या तांदळाच्या हिशेबाने घालू?
काही शितं चिखल होतात, काही दाताला लागतात,
नवा, जुना, डोंगरउताराचा, रेशनचा,
साठ घरांचा भात एका आधणात शिजतच नाही, बाई.

गेल्या सोमवारी तिने मला जेवायला थांबवून घेतलं.
धुरावलेलं डुक्कर, मोहरीची पानं, आणि तो भात.
तिसऱ्या घासाला खडा लागला.
कुठल्या घरचा, ते मला ठाऊक आहे.
जिभेने गालात सारला
आणि आणखी वाढ म्हटलं.